लातूरच्या पंगतीत सुटलेलं साल

माझी ओळख करून द्यायला कुणी उभं राहिलं की मला फार मजा वाटते. आधी हार, मग शाल, मग माइकला दोन टिचक्या, आणि मग सूत्रसंचालक आवाज जड करून म्हणतो, ‘वेठीला जुंपलेल्या सालगड्यांना मोकळं करणारे लढवय्ये नेते, लेखक आणि विचारवंत.’ विचारवंत म्हटलं की मी अजूनही मान वळवून मागं बघतो, कोण आलं बुवा. एवढ्या लांबलचक ओळखीत एक गोष्ट मात्र कायम गाळलेली असते. हा लढवय्या नेता पहिल्यांदा लढला तो लातुरात, एका दाळमिलवाल्याच्या घरी, पोटभर पुरणपोळ्या खाऊन झाल्यावर, आणि तीही लढाई म्हणजे नकला होत्या. माझ्या प्रकाशकाला हे प्रकरण फारसं पसंत नाही. गुलामीवरच्या पुस्तकात जरा दुःख असावं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, दुःख आहे की, पण आमच्या घरात ते जेवायला बसायचं तेव्हा आम्ही त्यालाही हसवायचो.

लोह्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, काळ्या जमिनीचं आमचं गाव. माझा बाप तिथं आप्पा मालकाकडं सालानं होता. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला माणूस. दिवस त्याचा नाही, रात्र त्याची नाही, आजारपण तर अजिबात त्याचं नाही. आजोबांनी कधीतरी कसलीतरी उचल घेतली होती म्हणे. ती कशासाठी हे आजोबा सांगायच्या आधीच गेले आणि मालकाला विचारलं तर तोही छताकडं बघायचा. कायद्यानं असली वेठबिगारी केव्हाच बंद केली होती, पण तो कायदा दिल्लीहून निघून बहुतेक नांदेडला उतरला असावा. आमच्या फाट्यापर्यंत काही आला नव्हता. बापाची कंबर धरली तेव्हा मालकानं मोठ्या मनानं म्हटलं, तू हलकी कामं कर, जड कामाला पोराला घे. अशा रीतीनं मिसरूड फुटायच्या आत मी बापाची अर्धी नोकरी वारसाहक्कानं मिळवली. लोकांना जमिनीचा वाटा मिळतो, मला औताचा मिळाला.

मालकाच्या गोठ्याला लागून एक खोली, ते आमचं घर. भिंत एकच, अलीकडं आम्ही, पलीकडं बैल. त्यामुळं मी लहानपणी रवंथाच्या आवाजावर झोपलो आणि अजूनही कुणी शेजारी पान चघळत बसलं की मला पेंग येते. पहाटे माय भाकरी थापायची तो आवाज, मग बैलांच्या घुंगरांचा, मग बापाच्या कण्हण्याचा, आणि या सगळ्यावर मालकाचा खोकला. आप्पा मालक खोकल्यानं कारभार करायचा. एक खोकला म्हणजे बैल सोडा. दोन म्हणजे पाणी काढा. घसा ओढून काढलेला एक लांब खोकला म्हणजे मी बघून राहिलोय, बसलात कशाला. माणूस तसा मारकुटा नव्हता. शिव्याही बेतानंच द्यायचा. पण आमचा चहाचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा, आणि बापाची आई वारली तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती म्हणून बाप तिसऱ्याला गेला. मातीला गेला नाही. त्या दिवशी बापानं ज्वारी फार भराभर कापली. दुःख हवं होतं ना प्रकाशकाला, हे घ्या.

खायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी, आणि सुगीत हुरडा. येसराचा मसाला घालून माय अशी आमटी करायची की त्यात बुडवायला काही नसलं तरी चालायचं. संध्याकाळी सगळे गडी गोठ्यासमोर टेकले की माझा खेळ सुरू व्हायचा. मी मालक व्हायचो. धोतराचा सोगा डाव्या हातात, पोट पुढं, भुवया वर, आणि मग तो खोकला. एकदा मी असा बेमालूम खोकलो की आत बसलेला बाप धडपडत उठला आणि बैल सोडायला धावला. सगळे हसले. बापही हसला, पण जरा उशिरानं. मालकाची लेक रत्नाताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. लग्न व्हायच्या आधी ती माडीच्या खिडकीतून ओरडायची, ‘किश्या, आप्पा कर की रे.’ मी तिच्यासाठी तिचा बाप करायचो आणि ती तोंडात पदर कोंबून हसायची. माझी पहिली जाहीर दाद ती.

आता पाडव्याची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमच्या भागात गड्याचं साल कागदावर नसायचं, शब्दावर असायचं. पाडव्याला दारात गुढी उभी असताना मालकानं गड्याच्या हातात नारळ द्यायचा आणि चार माणसांच्या देखत मोठ्यानं म्हणायचं, ‘तुझं साल सरलं.’ एवढं म्हटलं की गडी मोकळा. राहायचं तर पुन्हा बोलणी, नाही तर रामराम. पण सूर्य मावळताना गुढी उतरते, आणि ती उतरेपर्यंत मालकानं तो शब्द काढलाच नाही, तर जुनं साल आपोआप पुढं चालू. आणि ज्याच्या मालकानं शब्द काढला नाही, असा गडी आजूबाजूच्या गावांत कुणी ठेवत नसे, कुणी त्याला दारात उभं करत नसे. आता यात आप्पा मालकाची हुशारी बघा. तो नाही म्हणायचाच नाही. त्याला नाही म्हणायची गरजच नव्हती. पाडव्याच्या सकाळी तो गुढी उभारायचा, कडुलिंबाची पानं चावून तोंड वाकडं करायचा, आणि जीपमध्ये बसून निघून जायचा. आधी बहिणीकडं जायचा, रत्नाताईला लातुरात दिल्यापासून लेकीकडं. यायचा तो गुढी उतरल्यावर. बाप दरसाल सकाळी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून दाराशी जायचा, आणि धुतलेली टोपी घेऊन परत यायचा. येऊन म्हणायचा, ‘मालक गावाला गेले. पुढल्या साली बघू.’ हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत होतो.

त्या वर्षी मात्र पुढलं साल परवडणारं नव्हतं. माझा मामा मुदखेडला रेल्वेच्या ठेकेदाराकडं मुकादम होता. त्यानं निरोप धाडला होता की पाडव्यानंतर लगेच या, मी तिघांना कामावर घेतो, राहायला खोली आहे, आणि पोराला रात्रीच्या शाळेत घालतो. पण उशीर केला तर जागा दुसऱ्याला जातील. मायनं हा निरोप कितीदा बोलून दाखवला असेल त्याला गणती नाही. रात्रीची शाळा हा शब्द ती असा उच्चारायची जसं काही तिथं मिठाई वाटतात. बाप ऐकायचा आणि म्हणायचा, मालकानं शब्द दिला तर जाऊ.

पाडव्याच्या सकाळी जीप गेल्याचा आवाज आला. बाप टोपी काढून परत आला. माय चुलीपुढं बसलेली, तिनं मान वर न करता विचारलं की मालक कुठं गेले. बाप म्हणाला लातूरला, लेकीची गुढी बघायला. मायनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘ते घरी नसले तर जिथं असतील तिथं जा. गुढी लातूरला बी उतरतच असंल.’

बापाच्या हातातली टोपी खाली पडली. त्याचं म्हणणं, व्याह्याच्या दारात गडी जाऊन उभा राहिला तर मालक आपल्याला जिवंत ठेवील का. मायचं म्हणणं, व्याह्याच्या दारात मालकाला काहीच करता येणार नाही, म्हणूनच तिथं जायचं. मला दोघांचंही म्हणणं पटलं. पण खरं सांगतो, आत कुठंतरी एक गुदगुली पण होती. लातूर मी पाहिलेलं नव्हतं.

लोह्याच्या नाक्यावर कडब्याचा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर लातूरचाच, घाईत होता. मी हात जोडले. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘उप्पर बैठ. लेकिन बिडी नक्को पी, जल जाएंगे दोनो.’ मी बिडी ओढत नव्हतो, पण त्यानं मला ओढणारा समजलं याचा मला फार अभिमान वाटला. अशा रीतीनं मी कडब्याच्या गंजीवर, आभाळाला डोकं लावून, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर असं एकेक गाव खाली बघत निघालो. प्रत्येक गावात दारोदार गुढ्या. वरून त्या फार छान दिसायच्या, रेशमी खण, साखरेच्या गाठी, उपडा तांब्या. मी प्रत्येक गुढी अजून उभी आहे ना हे बघत होतो. पुढाऱ्यांचे फोटो उघड्या जीपमधून हात हलवताना असतात. मी कडब्यावरून हात हलवला होता, आणि बघा, शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीनं उलट हात हलवलाही.

लातुरात रत्नाताईचं सासर, म्हणजे दाळमिलवाल्याचं घर, शोधायला त्रास झाला नाही. तुरीच्या दाळीचा खमंग वास जिकडून येत होता तिकडं गेलो. दुमजली घर, गच्चीवर माणसाएवढी गुढी, आणि आत पंगत बसायची गडबड. मी फाटकाशी उभा राहिलो. तोवर मी शूर होतो, ते शौर्य तिथं संपलं. मागं फिरणारच होतो, तर अंगणात ताक घुसळायला बसवलेल्या बाईला काही सांगायला रत्नाताई आली. तिनं मला पाहिलं. कडब्याच्या काड्या माझ्या डोक्यात, कानात, सगळीकडं.

‘किश्या? तू काय करून राहिला इथं?’

मी सांगितलं की मालकाकडून तो एक शब्द न्यायला आलोय, साल सरल्याचा. मामा मुदखेडला वाट बघतोय आणि गुढी उतरली की संपलं. तिनं वर गच्चीकडं पाहिलं, मग आत पंगतीकडं. मग माझ्या डोक्यातली एक काडी उपसून टाकली आणि हौदाकडं बोट केलं. हातपाय धुवून घे म्हणाली. पुढं होऊन तिनं आत आवाज दिला, ‘आप्पा, गावाकडून किसन आलाय.’

आप्पा मालक पाटावर बसलेला. एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला व्याह्यांचे भाऊबंद, बाजारातले आडते, वजनदार माणसं. मी उंबऱ्याशी. व्याही म्हणजे पांढऱ्या स्वच्छ कपड्यातला, मोठ्या मिशांचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. त्यांनी विचारलं, हे कोण.

इथं मालकाकडून चूक झाली. गडी आहे म्हटलं असतं तर मला मागच्या अंगणात पत्रावळ मिळाली असती आणि विषय संपला असता. पण लातुरात बसल्या बसल्या मालकानं आपली फार चांगली छाप पाडलेली असावी. आम्ही गड्यांना गडी समजत नाही, वगैरे. आणि नेमका त्या भाषणाचा पुरावा दारात येऊन उभा राहिलेला. मालकानं घसा साफ केला आणि म्हणाला, ‘हा? हा आपला घरचाच पोरगा हाय.’

‘घरचा हाय तर दारात का उभा?’ व्याही म्हणाले. ‘ये बाबा, बस आप्पांच्या शेजारी.’

आणि मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पाटावर, मालकाच्या मांडीला मांडी लावून. माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता आणि दोघांचेही गुडघे थरथरत होते, त्याचा रागानं आणि माझा भीतीनं, पण ताटाखालून ते सारखेच दिसत असावेत. मालक हळू आवाजात, ओठ न हलवता म्हणाला, ‘कशाला आला रे?’ मीही ओठ न हलवता म्हणालो, ‘मालक, तेवढं साल सरलं म्हणा. लगेच जातो.’ तो म्हणाला, ‘गावाला आल्यावर बघू. जेव आन निघ.’ आणि वाढप्याला म्हणाला, वाढा, ह्याला पुरणपोळी वाढा.

तव्यावरची पुरणपोळी मी तोवर खाल्लेली नव्हती. आमच्याकडं मालकाच्या घरून दुसऱ्या दिवशी यायच्या, थंड, कडा वाळलेल्या, आणि मला वाटायचं पुरणपोळी अशीच असते. ही फुगलेली, वाफाळलेली, वरून तुपाची धार. पहिल्या घासाला मी साल, मुदखेड, मामा, सगळं विसरलो. मला लाज नाही सांगायला, मला तेव्हा कुणी विचारलं असतं की स्वातंत्र्य पाहिजे की अजून एक पोळी, तर मी म्हणालो असतो जरा थांबा, चावून होऊ द्या. कुरडया, भजी, कटाची आमटी. आमटीची दुसरी वाटी घेताना डोळा वर गेला. चौकातून गच्चीवरची गुढी दिसत होती आणि तिची सावली भिंतीवर लांब सरकली होती. मी वाटी खाली ठेवली.

जेवणं झाली, पान आलं, मंडळी लोडाला टेकली. मालक मला डोळ्यांनी दार दाखवत होता. मी उठलो. तेवढ्यात रत्नाताई सुपारीचं तबक घेऊन आली आणि सासऱ्यांना म्हणाली, अगदी सहज म्हणाली, ‘मामंजी, ह्या किसनला नकला लई भारी येतात. आमच्या आप्पांची तर हुबेहूब करतो.’

व्याही सरळ बसले. सणाचं जेवण, आडत्यांची बैठक, आणि व्याह्याची नक्कल बघायला मिळणार. असा योग कुणाला सोडवेल. मालक म्हणाला, काहीतरीच काय, पोरखेळ. व्याही म्हणाले, घरचाच पोरगा ना, मग लाजायचं कशाला, होऊ दे.

मी पंच्याचा सोगा डाव्या हातात धरला. पोट पुढं काढलं. त्या दिवशी ते खरोखरच पुढं होतं. आधी नुसता खोकलो. एक खोकला. मग दोन. मग तो लांब. एक आडत्या तोंडातलं पान सांभाळत भिंतीला टेकून हलायला लागला. मग मी बैलांना हाक मारणारा मालक केला, मग आरशापुढं मिशा बघणारा, मग पावसाला दटावणारा. व्याह्यांच्या डोळ्यांतून पाणी. खुद्द मालकाच्या ओठाचा एक कोपरा त्याला न विचारता वर गेला. सगळी खोली माझ्या हातात होती. सभेत लोक हातात आल्याचं नेत्याला कळतं तसं मला ते तेव्हा कळलं, आणि त्याच क्षणी काय करायचं तेही.

मी देवापुढचा नारळ उचलला. म्हटलं, आता आमच्याकडची पाडव्याची रीत दाखवतो. मालक आपल्या गड्याला कसा मोकळा करतो ते. लातूरची माणसं बाजारातली, त्यांना हे नवीन. सगळे पुढं सरकले. मी नारळ धरला, छाती भरून घेतली, आणि आप्पा मालकाच्या आवाजात, त्या आवाजातल्या खरखरीसकट म्हणालो, ‘किसन, तुझं आन तुझ्या बापाचं साल सरलं. जा, सुखी ऱ्हा.’

टाळ्या पडल्या. मला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. मी मालकाकडं बघत होतो आणि मालक माझ्याकडं. त्याला कळलं होतं.

‘अरे वा,’ व्याही म्हणाले, ‘आप्पा, हा तुमच्यापेक्षा तुमच्यासारखा बोलतो. आता तुम्ही म्हणा बरं एकदा. बघू दे खरा कोण आन खोटा कोण.’

मालक हसला, हात झाडला, म्हणाला सोडा हो. भाऊबंद म्हणाले नाही नाही, व्हायलाच पाहिजे. मी पुढं होऊन नारळ त्याच्या हातात ठेवला. मालकानं नारळ धरला आणि पुटपुटला. व्याही म्हणाले, ऐकू आलं नाही. दाराच्या चौकटीतून रत्नाताई म्हणाली, ‘आप्पा, मोठ्यानं म्हणा की. असा पडलेला आवाज हाय व्हय तुमचा?’

आणि आप्पा मालक मोठ्यानं म्हणाला. खोलीभर माणसांच्या देखत, नारळ माझ्या हातात देत, वर गुढी उभी असताना. ‘किसन, तुझं आन तुझ्या बापाचं साल सरलं.’ खरं सांगायचं तर त्याला ते माझ्याइतकं जमलं नाही. आवाज चिरकला, आणि सुखी ऱ्हा हे तर तो गाळूनच गेला. व्याह्यांनी निकाल माझ्या बाजूनं दिला. पण वर म्हणाले, काही म्हणा, आप्पा शब्दाचा माणूस, पोरानं मागितलं ते दिलं. मग त्यांनी आम्हा दोघांना टॉवेल-टोपी केली, घरच्या माणसांना करतात तशी, आधी मालकाला आणि लगोलग मला. कुंकवाचं बोट दोघांच्या कपाळाला एकच लागलं.

रत्नाताईनं हे जाणूनबुजून केलं का, हे मी तिला पुढं कैकदा विचारलंय. आता तिला नातवंडं आहेत, मी लातूरला गेलो की तिच्याकडं जातोच. विचारलं की ती म्हणते, थांब, चहा टाकते, आणि उठून आत जाते. एवढे चहा झाले पण उत्तर नाही. आणि हो, मी अजून दर पाडव्याला हेच काम करतो. आमच्या संघटनेची पोरं मालक जिथं जातील तिथं पोचतात. काही मालक आता भिऊन थेट तिरुपतीला निघून जातात. तिथं दर्शनाच्या रांगेतही आमचा माणूस असतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मी घरी पोचलो. टोपी डोक्यावर, नारळ काखेत. बाप बैल धूत होता. मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बैलाची पाठ पुन्हा घासायला लागला. म्हणाला, ‘नकला करताना म्हणलेला शब्द धरत न्हाई रे कुणी.’ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मायला मात्र मी सगळं सगळ्यांच्या आवाजात करून दाखवलं. व्याही, आडते, ताई, आणि शेवटी चिरकलेला मालक. ती चुलीपुढं पोट धरून बसली. मग डोळे पुसून तिनं विचारलं की व्याही शेवटी काय म्हणाले ते परत म्हण. मी म्हटलं, आप्पा शब्दाचा माणूस. ती हं म्हणाली आणि गोधड्या बांधायला लागली.

तेवढ्यात खोकला आला. एक. म्हणजे बैल सोडा. बापाचे हात आपोआप दाव्याकडं गेले. मालक गोठ्याच्या दारात उभा होता, काल काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. मी जागचा हललो नाही. मालक म्हणाला, ‘लातूरचं ते आपलं गमतीत झालं. आटपा, वरच्या रानात औत न्यायचंय.’

माझी माय मालकासमोर कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ती डोक्यावर पदर घेऊन, गाठोडं कडेवर घेऊन दारात आली. आवाज अगदी मऊ.

‘हाव मालक, गमतीतच झालं म्हणतो पोरगा. आमी बी गमतीतच निघून राहिलो. तुमी आता दिलेला शब्द मागं घेत असाल तर तसं सांगा, म्हंजे रत्नाताईच्या सासऱ्याला तसा निरोप देतो. ते म्हणले होते, आप्पा शब्दाचे माणूस हायेत.’

मालकानं तोंड उघडलं. मी आयुष्यभर त्याच्या नकला केल्या, पण त्या वेळचा तो चेहरा मला कधीच जमला नाही. त्यात रागही होता, आणि आपल्याच शब्दानं आपल्याला बांधल्याचं आश्चर्यही. त्याला खोकला आला, खरा खोकला, ज्याचा काहीच अर्थ नव्हता. मग तो बाजूला झाला. दारातून एक माणूस जाईल एवढी जागा झाली, आणि त्या जागेतून आधी माय गेली, मग मी. बाप मागं राहिला. मला वाटलं तो आता येत नाही. तो दोन्ही बैलांच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी बोलला, बहुतेक माफी मागितली असावी, आणि मालकाकडं न बघता बाहेर आला. मालकाच्या पाया पडायचं राहिलं, असं फाट्यापर्यंत दोनदा म्हणाला. मायनं दोनदा चाल वाढवली.

फाट्यावर नांदेडची गाडी आली. नांदेडात गाडी बदलून पुढं मुदखेडला जायचं होतं. गर्दी होती, पण मायनं बापाला खिडकीशी बसवलं आणि पदराच्या गाठीतले पैसे त्याच्या हातात दिले. कंडक्टर आला, पंच खटखटवत म्हणाला, ‘बोला बाबा, कुठं जायचं?’

बाप त्याच्याकडं बघतच राहिला. इतका वेळ की कंडक्टरनं परत विचारलं. बापाला कामं सांगणारे ढीगभर भेटले होते. कुठं जायचं हे असं कुणी विचारलेलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि मग जरा ताठ बसून त्यानंच कंडक्टरला उलट विचारलं.

‘ही गाडी कुठवर जाते?’

‘नांदेड.’

‘मग शेवटपर्यंत द्या,’ बाप म्हणाला. ‘तिघंबी शेवटपर्यंत.’